आधी परतीची वेळ
(प्रवासाची दैनंदिनी : भाग दुसरा)

गुरुवार, पौष शुद्ध षष्ठी. पाम

मागच्या भागात तारापूरच्या किल्ल्याभोवती फिरलो. तिथून निघताना भाचा म्हणाला होता, "मामा, पुढच्या वेळी डोंगरात जाऊ." भाचा मुरबे गावचा, डोल जाळ्याच्या बोटीवर जातो. डोंगर त्याला माझ्यापेक्षा जास्त ओळखीचे आहेत, पण समुद्राकडून. परतताना किनारा दिसायच्या आधी डोंगर दिसतात. कुठलं शिखर कुठल्या शिखराच्या आड गेलं की बोटीचं तोंड कुठे वळवायचं, हे त्याला शाळेच्या पाढ्यांआधी पाठ झालं होतं. त्यातल्या एकाही डोंगरावर त्याने अजून पाय ठेवलेला नाही.

दिवस ठरवायला म्हणून मी कॅलेंडर काढलं आणि रविवारवर बोट ठेवलं. त्याने तारखेकडे पाहिलंच नाही, खालची तिथी वाचली. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ असते, डोल भरते. तेव्हा घरी बसणं परवडत नाही. अष्टमीच्या पुढेमागे भांग येतो, पाणी मंदावतं, जाळं ताणून उभं राहत नाही आणि बोटी विसावतात. रविवारी नवमी. "भांगच आहे, चला," तो म्हणाला. मला कारखान्यात पाळी बदलून घ्यावी लागेल, ते उद्या बघतो.

शुक्रवार, सप्तमी

पाळी बदलून मिळाली. आता डोंगर कुठला, हा प्रश्न.

आमच्या गच्चीवरून धुरांड्यांच्या पलीकडे पूर्वेला पालघरची डोंगररांग दिसते. बोईसरहून सगळ्यात जवळचा आसावा, पालघर-मनोर रस्त्यावरच्या वाघोबा खिंडीतून चढायचा काळदुर्ग, वाड्याच्या वाटेवरचा कोहोज. एका दिवसात कुठलाही होईल. पण भाच्याला आशेरी हवा. लहानपणापासून आजोबांच्या तोंडी ते नाव त्याने ऐकलेलं आहे.

मलाही तोच पटला, थोड्या वेगळ्या कारणाने. आशेरीचं नाव महिकावतीच्या बखरीत येतं. १५५६ मध्ये तो पोर्तुगीजांकडे गेला आणि त्यांनी तो जिवापाड सांभाळला. गडाची जागा मोक्याची होतीच, शिवाय भोवतीच्या रानातला साग त्यांना जहाजबांधणीसाठी हवा होता. आशेरीचं लाकूड वसईकडे उतरायचं आणि पुढे समुद्रावर तरंगायचं. चिमाजी आप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत हा सगळा मुलूख मराठ्यांकडे आला. १७३९ च्या जानेवारीत तारापूर पडलं. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मे महिन्यात वसई पडली. म्हणजे गेल्या भागातला समुद्रकाठचा किल्ला आणि परवाचा डोंगरी किल्ला एकाच गोष्टीतले आहेत. शाळेत आम्हाला ते वेगवेगळे शिकवले गेले.

रात्री जेवताना भाच्याने विचारलं, "परत किती वाजता निघायचं?" मी म्हणालो, "आधी जायचं कसं ते तर ठरवू."

"नाही मामा. आधी परतीचं."

सातपाटी-मुरब्याची खाडी गाळाने भरलेली आहे. ओहोटीला बोट आत येत नाही, पाणी चढेपर्यंत बाहेर नांगर टाकून बसावं लागतं. म्हणून तिकडचा माणूस घरातून निघण्याआधी आत यायचं पाणी किती वाजता, ते बघतो आणि तिथून मागे मोजत येतो. हे ऐकून मी गप्प झालो. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही चौघे कारखान्यातले काळदुर्गावर गेलो होतो. निघालो उशिरा, वर रमलो, उतरताना अंधार झाला. एकाचा पाय मुरगळला. एका मोबाईलच्या उजेडात, त्याला धरून, दोन तास चिखलातून उतरलो. वाट चुकली नाही, हे नशीब. त्या दिवशी जाण्याची आखणी आम्ही अगदी नेटकी केली होती. परतीची कुणीच केली नव्हती.

मग वहीत उलट्या क्रमाने लिहिलं. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास. पाचच्या आत हायवेवर. त्यासाठी तीनच्या आत गडपायथ्याच्या पाड्यात. उतरायला दीड-दोन तास धरले, तर एक वाजता गडमाथा सोडायचा. वर बघायला दोन तास, चढायला दोन तास. म्हणजे सकाळी नऊला चढायला सुरुवात. लोकल, एसटी आणि पाड्यापर्यंतची चाल धरली तर घरातून पहाटे पाचला बाहेर पडायला हवं.

शनिवार, अष्टमी

पाड्यातला माणूस बरोबर असल्याशिवाय जायचं नाही, हे माझं पक्कं मत आहे. वाटा गुरांच्या असतात, दर पावसाळ्यानंतर बदलतात. शिवाय ते रान कुणाच्या तरी रोजच्या सरपणाचं, कुणाच्या देवाचं आहे. ओळखीतून गडपायथ्याच्या खोडकोन्यातल्या एका मुलाचा नंबर मिळाला. फोनवर त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही पामचे? म्हणजे कुंभवलीच्या बाजूचे ना?" मला नवल वाटलं. तो हसला, "मी एमआयडीसीतच आहे, ठेकेदाराकडे."

माझ्या आत्याने उद्याचं बांधायला घेतलं: तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, उकडलेली रताळी. माणशी तीन लिटर पाणी. गडावर टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर जायचं नाही. सुक्या बोंबलांची वेगळी जुडी बांधून ती म्हणाली, "हे तुम्हाला नाही. त्या पोराच्या आईला द्या. रिकाम्या हाताने कुणाच्या पाड्यात जाऊ नये."

रविवार, नवमी

बोईसरला गाडीत बसलो. मधे उमरोळी, मग पालघर. २०१३ मध्ये डहाणू लोकल सुरू झाली, तेव्हापासून हा प्रवास सोपा झालाय. पालघरहून मनोरमार्गे कासा एसटी. वाघोबा खिंडीत वळणावर देवळासमोर गाडी हळू झाली, ड्रायव्हरने हात कपाळाला लावला. त्याच्या मागे अर्ध्या गाडीने लावला. पुढे मासवणला सूर्या नदी. पात्रावर वाफेसारखं धुकं उभं होतं. भाचा खिडकीला नाक लावून बसलेला. हेच पाणी आमच्या औद्योगिक वसाहतीत येतं. याच नदीवरच्या धामणी धरणाचं पाणी आता वसई-विरारलाही जातं, मीरा-भाईंदरही त्याच योजनेत आहे. योजना रोज ४०३ दशलक्ष लिटरची आहे. सगळा किनारा या डोंगरांचं पाणी पितो. हंडे घेऊन रस्त्याच्या कडेने चाललेल्या बाया मी खिडकीतून मोजू लागलो आणि अकरावर थांबलो. पुढे मोजवलं नाही.

मस्तान नाका ओलांडून खोडकोन्याला उतरलो. तो मुलगा फाट्यावर उभा होता. अंगात कारखान्याच्या गणवेशाचा जुना शर्ट.

त्याच्या आईने बोंबील हुंगून बघितले, "हे ताजे सुकवलेत," म्हणाली आणि कोरा चहा ठेवला. नऊ वाजून दहा मिनिटांनी चढायला लागलो.

सुरुवातीची वाट सागातून जाते. पौषात पानं करपायला लागलेली, पायाखाली कडकड आवाज. खिंडीत लाकडाचा कोरलेला वाघदेव उभा आहे, त्यावर चंद्र-सूर्य. मुलगा चप्पल काढून थांबला, आम्हीही थांबलो. तिथून चढ अंगावर येतो. कातळाच्या टप्प्याला लोखंडी आधार आहेत, खोदीव पायऱ्या आहेत, पण एका बाजूला खोल दरी. उसळत्या बोटीत अनवाणी उभा राहणारा भाचा इथे बसून, दोन्ही हात टेकून चढला. "इथे काहीच हलत नाही, त्याचीच भीती वाटते," म्हणाला. हे मला कधी सुचलं नसतं.

पडक्या दरवाजापाशी पोर्तुगीजांच्या राजचिन्हाचा दगड आहे, मुकुट कोरलेला. ज्या मुकुटाखाली इथला साग समुद्रावर गेला, तो पाचोळ्यात पडलाय. भाच्याने तळहाताने त्याच्यावरची माती पुसली.

माथा सुमारे १६८० फुटांवर, चांगला ऐसपैस. कातळात खोदलेली पाण्याची टाकी, वाड्यांची जोती आणि आशेरी देवीची गुहा. गुहेत ऊन शिरत नाही, घाम निवाला. आत्याने दिलेला नारळ देवीपुढे ठेवला. बाहेर येऊन भाकऱ्या सोडल्या. त्या मुलाने सुकटीची चटणी तीनदा मागून घेतली.

आग्नेयेला कोहोज, माथ्यावरचे सुळके घेऊन. खाली हायवेवरचे ट्रक मुंग्यांसारखे. पश्चिमेला मात्र धुरकट पट्टा होता. भाचा बराच वेळ तिकडे बघत राहिला. समुद्र दिसला नाही, पण समुद्र कुठे आहे ते त्याने बोट करून अचूक सांगितलं. "आम्ही तिथून इथे बघतो," तो म्हणाला.

मुलाने त्याच्याच बोटाच्या दिशेने बघत सांगितलं, की त्याची कंपनी त्या पट्ट्याखाली आहे. पहिली पाळी असली की तो पहाटे साडेचारला उठतो, अंधारात हायवेवर येऊन गाडी पकडतो. परत येईपर्यंत संध्याकाळ. आम्ही तीन दिवस वहीत मांडलेला प्रवास हा मुलगा आठवड्यातून सहा वेळा करतो, उलट्या दिशेने. आठवड्याची एकच सुट्टी त्याने आम्हाला दिली होती. हे त्याने फोनवर सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. आखणीत माझ्याकडून राहून गेलेली गोष्ट हीच. आदल्या दिवशी ठरलेल्या पैशांपेक्षा जास्त दिले. ते त्याने बराच वेळ घेतले नाहीत, मग आईकडे द्यायला सांगितलं.

एक वाजता मी उठलो. आणखी तासभर बसावं असं तिघांनाही वाटत होतं. भाचाच म्हणाला, "पाणी उतरेल, चला." पावणेतीनला पाड्यात. आईने नागलीचं पीठ पिशवीत भरून ठेवलेलं. साडेचारच्या आत हायवेवर.

पामला पोचलो तेव्हा नवमीचा चंद्र जवळजवळ डोक्यावर होता.

सोमवार, दशमी

पहिली पाळी. पोटऱ्या भरून आल्यात. सकाळी कंपनीच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर तोच शर्ट दिसला. तो मुलगा आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून काम करतो. या टपरीवर आम्ही याआधी किती वेळा शेजारी उभे राहिलो असू, कोण जाणे.

मी त्याला म्हणालो, पुढच्या सुट्टीला मुरब्याला ये, भाचा बोटीवर नेईल. कधी जायचं, काय आणायचं, उलटी होईल का, यातलं त्याने काही विचारलं नाही. ग्लास खाली ठेवून तो म्हणाला, "खाडीत परत यायचं पाणी किती वाजता असतं?"