शर्यतीच्या दिवसाची तयारी

शर्यत म्हटली म्हणजे सामान्यतः तिचा शेवटच आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. ताणलेली फीत, टाळ्यांचा कडकडाट आणि छातीवर रुळणारे पदक ह्यांपलीकडे आपली कल्पना सहसा जात नाही. परंतु शर्यतीचा दिवस हा एका दीर्घ कालखंडाचा केवळ अखेरचा दिवस असतो, आणि त्यापूर्वी जे दोन-अडीचशे दिवस जातात त्यांस प्रेक्षक नसतात. अशा दिवसांविषयीच प्रस्तुत लेखात चार शब्द लिहावे असा मानस आहे. हा लेख संपादकांच्या हाती देताना माझ्या शर्यतीस तेरा दिवस उरले आहेत. अंक विद्यार्थ्यांच्या हाती पडेल तेव्हा तिचा निकाल सर्वांस ठाऊक झालेला असेल. निकाल लागण्यापूर्वी लिहिलेले लेखन अधिक खरे उतरेल, अशी माझी समजूत आहे.

ह्या शर्यतीस ट्रायथलॉन म्हणतात. आधी पोहावयाचे, पाण्यातून निघताच सायकलीवर बसावयाचे, आणि सायकल ठेवताच धावावयाचे. तिन्ही मिळून शर्यत एकच, आणि घड्याळ मध्ये कोठेही थांबत नाही. ह्या खेळाचे वय फार नाही. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे २५ सप्टेंबर १९७४ रोजी अशी शर्यत ट्रायथलॉन ह्या नावाने प्रथम झाली. पुढे १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांत जी अतिदीर्घ शर्यत झाली, तीत १५ जण उतरले व त्यांतील १२ जणांनी ती पुरी केली. सन २००० मध्ये सिडनी येथील ऑलिंपिक सामन्यांत ह्या खेळास प्रथम स्थान मिळाले. आपल्याकडे गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २० ऑक्टोबर २०१९ रोजी आयर्नमॅन ७०.३ ही शर्यत प्रथम भरली. तीत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल व २१.१ किलोमीटर धावणे इतके अंतर असून, ते साडेआठ तासांच्या आत संपवावे लागते. ह्याच शर्यतीत मी ह्या वर्षी नाव घातले आहे.

“चाळिशी उलटल्यावर हा खटाटोप कशाला रे?” असे आई विचारते. तिच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरातच आहे. माझ्या वडिलांस मधुमेह होता, व त्यापायी त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शेवटची सहा वर्षे ते अंगणातील खुर्चीवर बसून रस्त्याने येणारी-जाणारी माणसे पाहत असत. दोन वर्षांपूर्वी माझे रक्त तपासले, तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला. ५.७ पासून ६.४ पर्यंतचा आकडा ही मधुमेहाच्या अलीकडची पायरी समजली जाते. डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे सरकविला आणि म्हटले, “सर, येथून वर जावयाचे की खाली, हे अजून पुष्कळसे तुमच्या हाती आहे.” त्या संध्याकाळपासून मी चालू लागलो, चालता चालता धावू लागलो. आईला मी एवढेच सांगितले की, मला त्या खुर्चीवर इतक्या लवकर बसावयाचे नाही. त्यानंतर तिने तो प्रश्न विचारला नाही. पहाटे साडेचारला चहा मात्र ठेवू लागली.

मी राहतो त्या कोल्हापुरास समुद्र नाही, परंतु चढ भरपूर आहेत. पणजीचा परिसर नकाशावर सपाट दिसतो, तरी तो तसा नाही. मिरामारपाशी मांडवी समुद्रास मिळते; तेथून रस्ता किनाऱ्याकिनाऱ्याने दोनापावलाकडे जातो, व त्याच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे ताळगावचे पठार आहे. असे चढ सह्याद्रीच्या घाटांप्रमाणे उंच नसतात. परंतु ते आखूड, तीव्र व पुनःपुन्हा येणारे असतात, आणि एका मोठ्या चढापेक्षा असे दहा लहान चढ मनुष्यास अधिक थकवितात. म्हणून सरावाकरिता मी पन्हाळ्याचा रस्ता धरला. गड भोवतालच्या मैदानापासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. शास्त्राच्या तासास आपण जे सूत्र शिकतो त्यात आकडे घालून पाहा. मी व माझी सायकल मिळून वजन ८० किलोग्रॅम. ८० गुणिले ९.८ गुणिले ४००, म्हणजे ३,१३,६०० जूल इतके काम. स्नायूंस पुरविलेल्या ऊर्जेपैकी साधारण चौथाई भागच कामी येतो, बाकीची उष्णता होऊन जाते. तेव्हा शरीरास ह्याच्या चौपट, म्हणजे सुमारे ३०० किलोकॅलरी खर्च पडतो. तीन केळ्यांतील ऊर्जा एवढ्या चढात संपते.

गणिताचा आणखी एक धडा ह्या रस्त्याने मला शिकविला. एक किलोमीटर चढ ताशी १० च्या वेगाने चढलो आणि तोच उतार ताशी ३० च्या वेगाने उतरलो, तर सरासरी वेग किती? पुष्कळ मुले २० असे उत्तर देतात. चढास ६ मिनिटे व उतारास २ मिनिटे, मिळून २ किलोमीटरांस ८ मिनिटे. म्हणजे ताशी १५. चढावर गेलेला वेळ उतारावर भरून निघत नाही, कारण उतारावर आपण मुळी थोडाच वेळ असतो. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ह्यावरून कोणी म्हणेल की चढावर सर्व बळ खर्चावे. परंतु तेही बरोबर नाही, कारण सायकलीनंतर २१ किलोमीटर धावणे उरलेले असते. अनुभवी मंडळींचा साधा दंडक असा की, चढ लागण्यापूर्वीच गिअर हलका करावा, आणि शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच दम लागू द्यावा. दुसरा कोणी पुढे गेला तर जाऊ द्यावा. उतारावर ब्रेक वळणाच्या आत दाबू नये, वळणापूर्वी दाबावा. कोकणच्या रस्त्यांवर कडेला जांभ्याची बारीक खडी साचते, व तीवर चाक निसटावयास क्षणही लागत नाही.

खरी भीती मला पाण्याची होती. मी पोहावयास शिकलो तो मामांच्या मळ्यातील विहिरीत, कमरेला वाळलेला भोपळा बांधून. विहिरीत पोहणाऱ्यास काठ सदैव दिसत असतो. समुद्रात तो दिसत नाही. लाटेच्या खळग्यात असताना तर केवळ पाणी आणि आकाश. पावसाळ्याचे चार महिने समुद्रात उतरणे म्हणजे जिवाशी खेळ, त्यामुळे सराव एप्रिल-मे महिन्यांत किंवा पावसाळा सरल्यावरच करता येतो. मे महिन्याच्या सुट्टीत मी मालवणास गेलो. तेथील एका वृद्ध मच्छीमाराने मला दोन गोष्टी शिकविल्या. पहिली भरतीचे गणित : त्या दिवसाच्या तिथीस पाऊणपट केले म्हणजे पूर्ण भरतीचा ढोबळ तास निघतो. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सुमारे सहा वाजता. भरती रोज सुमारे ५० मिनिटे मागे पडत जाते, हे आपण भूगोलात वाचतो. तेच त्यांनी बोटांवर मोजून दाखविले. दुसरी गोष्ट त्यांनी मी पहिल्याच लाटेस धडक देऊन नाकातोंडात पाणी घेऊन परतलो तेव्हा सांगितली : “मास्तरांनू, दर्यावांगडा झगडू नकात. लाट इली की तिच्या खालसून जावा.”

त्याप्रमाणे मी लाटेखालून जावयास शिकलो. नदीच्या मुखाजवळचे पाणी गढूळ असते, तेव्हा पाण्याखाली पाहून दिशा कळत नाही. सहा-आठ हात मारले की डोके किंचित उचलून समोरची खूण पाहावी लागते, आणि खूण आधीच निवडून ठेवावी लागते. मग ते उंच झाड असो की एखादी इमारत. पाण्यावर तरंगणारी होडी खूण म्हणून धरू नये, ती हलते. आठव्या दिवशी मी दीड किलोमीटर न थांबता पोहलो. पलीकडून त्या वृद्धाची होडी माझ्याबरोबर चालली होती. तेवढ्या आधारावर हे साधले. एकट्याने कधीही समुद्रात उतरू नये, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात धरावे.

ह्या तीन विद्यांखेरीज चौथी एक विद्या आहे, ती म्हणजे पालट. ओल्या अंगाने सायकलीपाशी येऊन, आधी शिरस्त्राण डोक्यावर घालून त्याचा पट्टा बांधावयाचा आणि मगच सायकलीस हात लावावयाचा, असा नियम आहे. माझ्या अंगणात एक टॉवेल अंथरून त्यावर शिरस्त्राण, चष्मा, मोजे, बूट व अंकाचा पट्टा त्याच क्रमाने मांडून मी हे चाळीस-पन्नास वेळा केले असेल. शेजारची मुले कुंपणावर बसून मोजीत असत. सायकलीवरून उतरून धावू लागले म्हणजे पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात. म्हणून दर शनिवारी सायकल संपताच अर्धा तास धावण्याचा परिपाठ ठेवला. तो लाकडीपणा दहा-पंधरा मिनिटांत जातो, एवढे ठाऊक असले म्हणजे त्याची भीती राहत नाही.

अन्नपाण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर निवत नाही. घामाबरोबर मीठ जाते. नुसते पाणी अतोनात प्यालो तर रक्तातील मीठ विरळ होऊन प्राणावर बेतू शकते. मी लिंबू, साखर व मीठ घातलेले सरबत दोन बाटल्यांत नेणार आहे, आणि बरोबर केळी व शेंगदाण्याची चिक्की. माझ्या साखरेच्या प्रकृतीमुळे हे प्रमाण डॉक्टरांस विचारून ठरविले आहे. नवा बूट, नवे अन्न वा नवा कपडा त्या दिवशी प्रथमच वापरावयाचा नाही. आता शेवटचे दोन आठवडे श्रम उलट कमी करावयाचे असतात. मनास ते पटत नाही. आळस केला असे वाटत राहते. परंतु परीक्षेच्या आदल्या रात्री नवा धडा उघडणाऱ्या विद्यार्थ्यास आपण जे सांगतो, तेच आता मला स्वतःस सांगावे लागत आहे. सायकल बसमधून न्यावयाची, तर पायटे काढावे लागतात. डाव्या पायट्याचे आटे उलटे असतात, हेही विसरावयाचे नाही.

एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून लेख संपविता येत नाही. शर्यत रविवारी आहे. प्रतिवर्षी मी नववीच्या वर्गास एरिक लिडेल ह्यांची हकीकत सांगतो. सन १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी आल्या म्हणून ते त्यांत धावले नाहीत, आणि ११ जुलै रोजी ४०० मीटर शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकले. यंदा ती हकीकत संपताच मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, “मग सर, तुमची शर्यत तर रविवारीच आहे!” वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण प्रश्न रास्त होता. मी त्यास सांगितले, “शनिवारी सायंकाळी व रविवारी शर्यतीनंतर मी उपासनेस जाणार आहे. पाळकसाहेबांशी ह्याविषयी मी मार्च महिन्यातच बोललो आहे. लिडेल ह्यांनी जो नेम स्वतःस घातला होता तो माझा नाही, आणि माझा असल्याचे मी सांगणारही नाही. परंतु एक गोष्ट पाहा. त्यांनी तो निर्णय शर्यतीच्या आदल्या दिवशी घेतला नाही. वेळापत्रक त्यांस महिने आधी कळले होते. तेव्हाच त्यांनी नकार ठरविला आणि मग ४०० मीटरची तयारी केली.” मुलगा खाली बसला, पण त्याचे पूर्ण समाधान झाल्याचे त्याच्या चेहऱ्यावर दिसले नाही. त्याने तो प्रश्न मनात ठेवून मोठे व्हावे आणि आपले उत्तर आपण काढावे, असे मला मनापासून वाटते.

शर्यतीच्या दिवशी पायात पेटके येतील, ट्यूब फुटेल, समुद्र खवळेल. ह्यांपैकी काय घडेल हे आज कोणासही सांगता येणार नाही. माझी अपेक्षा आठ तासांत पुरे करण्याची आहे. साडेआठ तास झाल्यावर पोहोचलो तर नाव यादीत येणार नाही. परंतु गेल्या महिन्यातील तपासणीत तो साखरेचा आकडा ५.५ आला आहे, आणि तो कागद आईने वडिलांच्या तसबिरीमागे खोचून ठेवला आहे. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या मार्चातील परीक्षेसही आता फार दिवस उरलेले नाहीत. माझी पहाटेची तयारी पाहणारे तुम्ही मला रस्त्यात हाका मारीत होता. तुमची तयारी मीही पाहत आहे. निकालाच्या दिवशी आपण एकमेकांस भेटू.