बाणाची काठी

दिवाळीच्या सुट्टीत पुतण्याच्या हट्टास्तव आम्ही खोक्याच्या फळीतून बाणाची काठी काढिली. रंध्याने ती गुळगुळीत केली. परंतु लाकडाच्या रेषा तिरप्या जाऊन कडेसच संपत होत्या, हे आम्ही पाहिलेच नाही. प्रत्यंचा सुटताच काठी चिरली व तिची ढलपी मुलाच्या धनुष्य धरिलेल्या हातात शिरली. मातोश्री दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत, योग्यच केले!

पुढे वाचनात आले की, १९९१ साली आल्प्स पर्वतात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या मनुष्याच्या भात्यात १४ बाण होते, पैकी दोनच पुरे झालेले. त्यांच्या काठ्या झुडपाच्या सरळ कोंबांच्या. अखंड कोंबाच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत जातात. आता आम्ही वाळलेला बारीक वेळू निखाऱ्यावर शेकून सरळ करितो. पुतण्या मात्र प्रत्येक काठी आधी स्वतः वाकवून पाहतो.