ग्रीसच्या बेटांवर: गाईड घ्यावा की आपले आपण फिरावे?

आता आपल्याही घराघरांतली मुले परदेशी नोकरीला आहेत, आणि ती आईवडिलांना, मावश्या-आत्यांना हौसेने तिकिटे काढून देतात. माझा भाचा जर्मनीत आहे. त्याने सप्टेंबर २०२३ मध्ये मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला ग्रीसच्या समुद्रात सात रात्रींच्या क्रूझवर पाठवले. परत आल्यापासून ओळखीच्या बायका एकच प्रश्न विचारतात. बंदराला बोट लागली की जहाजवाल्यांची सहल घ्यायची, की आपले आपण उतरून फिरायचे? फोनवर प्रत्येकीला वेगळे सांगत बसण्यापेक्षा इथे लिहिलेले बरे.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी निवृत्त शिक्षिका. इतिहास शिकवायचे. कार्ल्याच्या लेण्यात चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत, ते दरवर्षी सहलीत मुलांना दाखवायचे. यवन म्हणजे ग्रीकांकडचे लोक. त्यांचा मुलूख एकदा पाहावा अशी मनात इच्छा होती. धाकटी मात्र इतिहासातली नव्हे. तिची सारी नोकरी इस्पितळाच्या प्रसूती विभागात नर्स म्हणून गेली. उभे राहून राहून तिचे दोन्ही गुडघे गेलेले. सहल घ्यावी की नाही, हा आमचा निम्मा प्रश्न त्या गुडघ्यांचाच होता.

जहाजावर पहिल्या संध्याकाळी सहलींची यादी हातात पडते. एकेका सहलीची किंमत रुपयांत करून पाहिली आणि आम्ही दोघींनी यादी मिटून ठेवली. पण एक गोष्ट यादीत ठळक छापलेली असते आणि ती खरी आहे. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबते. तुम्ही स्वतः गेलात आणि उशीर केलात तर थांबत नाही. मग पुढचे बंदर तुम्ही आपल्या खर्चाने गाठायचे. म्हणून एकटे उतरणाऱ्याने जहाजाचे घड्याळ आपल्या हातावर लावून घ्यावे, पासपोर्टची झेरॉक्स जवळ ठेवावी, आणि सुटण्याच्या नव्हे, तर परत चढण्याच्या वेळेवर लक्ष ठेवावे. आमच्या जहाजावर ती वेळ सुटण्याच्या अर्धा तास आधीची होती. आणखी एक. क्रूझ मध्येच तुर्कस्तानच्या बंदराला जाणार असेल, तर ग्रीसचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा आत येण्याचा असावा लागतो. भाच्याने ते आधीच पाहिले होते म्हणून आमची फजिती टळली.

सँटोरिनीला आम्ही जहाजाची सहल घेतली, आणि ते ठीक झाले. तिथे मोठे जहाज धक्क्याला लागतच नाही. ज्वालामुखीच्या स्फोटाने बेटाचा मधला भाग खचून समुद्र आत शिरलेला आहे. त्या पाण्यात जहाज उभे राहते आणि लहान बोटींनी उतरावे लागते. जुन्या बंदरावर उतरले की समोर सरळ उभा कडा आणि माथ्यावर फिरा हे पांढरे गाव. वर जायला तीनच वाटा: रोप-वे, साडेपाचशेच्या वर पायऱ्या, नाही तर खेचर. रोप-वे सुमारे २२० मीटर चढतो, पण एका वेळी मोजकीच माणसे नेतो. खेचरांवर किती वजन लादावे याचा नियम २०१८ साली झाला. तरी भर उन्हात त्या पायऱ्यांवरची जनावरे पाहून धाकटीने तोंड फिरवले. सहलीवाल्यांना मात्र निराळ्या धक्क्यावर, अथिनिओसला उतरवतात. तिथून बस वळणे घेत वर जाते. गुडघे वाचले.

इया गाव सुंदर आहे, पण त्या दिवशी ते गाव कमी आणि जत्रा जास्त होती. पुढे असे झाले की सहलीवाल्यांनी आम्हाला फिरात सोडले, रोप-वेची तिकिटे हातात दिली आणि आपले आपण खाली जा म्हणून सांगितले. रांगेत तासाहून अधिक उभ्या राहिलो. पैसे भरलेले आणि न भरलेले, सगळे त्या एकाच रांगेत! आता २०२५ पासून तिथे दिवसाला आठ हजारांहून जास्त क्रूझ-प्रवासी येऊ नयेत अशी मर्यादा घातली आहे. त्याच वर्षीच्या जुलैपासून सँटोरिनी आणि मिकोनोसला क्रूझने येणाऱ्यांवर भर हंगामात माणशी २० युरो करही बसला आहे. क्रूझच्या किमतीत तो धरला आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

ऱ्होड्सला याच्या अगदी उलट. जहाज जुन्या शहराच्या तटबंदीजवळच लागते. दहा मिनिटे चालले की तुम्ही वेशीतून आत. इथे सहल घेण्यात अर्थ नाही, लिंडोसचा किल्ला पाहायचाच असेल तर गोष्ट वेगळी, कारण तो पन्नासेक किलोमीटर दूर आहे. आम्ही शहरातच राहिलो. सरदारांची फरसबंदी गल्ली पाहिली, पालकाची पाटीस मिळते ती खाल्ली, बाकावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. कोणी झेंडी दाखवून 'चला, चला' म्हणणारे नव्हते.

अशाच भटकण्यात एका चौकात आलो. मधे समुद्री घोड्यांचे कारंजे, भोवती हॉटेलांच्या खुर्च्या, आणि एका बाजूला काळ्या दगडाचा स्तंभ. त्यावर अनेक भाषांत मजकूर कोरलेला होता. जुलै १९४४ मध्ये जर्मनांनी या बेटावरच्या सोळाशेहून अधिक ज्यूंना जहाजांत कोंबून नेले. ते आउशविट्झला पोहोचले. परत जिवंत राहिले दीडशेच्या आसपास. चौकाचे नावच ज्यू हुतात्म्यांचा चौक आहे, आणि जवळच्या गल्लीत १५७७ सालचे त्यांचे प्रार्थनास्थळ अजून उभे आहे. आमच्या जहाजाच्या सहलीत या चौकाचा उल्लेख नव्हता. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सहलीला गेलेल्यांना विचारले, त्यांनी तो पाहिला नव्हता.

मिकोनोसबद्दल थोडक्यात सांगते. पवनचक्क्या आहेत, पांढऱ्या गल्ल्या आहेत, वस्तू महाग आहेत. नवे बंदर गावापासून दोनेक किलोमीटरवर आहे. तिथून आपल्या लाँचसारखी बोट गावात नेते. आम्हाला ओढ होती ती शेजारच्या डेलॉस बेटाची. गावच्या जुन्या बंदरातून तिकडे बोटी सुटतात आणि अर्ध्या तासात पोहोचवतात. जहाजाची डेलॉस सहलही होती, पण गावात तिकीट काढले तर खूप स्वस्त पडते, आणि तिथे गाईडसह व गाईडविना अशी दोन्ही तिकिटे मिळतात. मात्र बोटींचे वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवावे. उत्तरेचा वारा जोरात सुटला तर बोटी रद्द होतात. बेटावर सावली जवळजवळ नाही. टोपी, पाणी आणि पिशवीत काही कोरडे खायला असू द्यावे. आमच्याकडे चिवडा होता.

आम्ही गाईडचे तिकीट घेतले. ग्रीसमध्ये अशा जागी माहिती सांगायला सरकारी परवाना लागतो. आमची गाईड मध्यम वयाची बाई होती, गळ्यात ओळखपत्र, आवाज खणखणीत. तिने सांगितले की डेलॉस म्हणजे अपोलो देवाचे जन्मस्थान. त्याची आई लेटो गरोदर असताना हेराच्या रागामुळे तिला कुठल्याच भूमीवर बाळंतपणाला जागा मिळेना. शेवटी या उजाड बेटाने तिला थारा दिला. नऊ दिवस कळा सोसून, ताडाच्या झाडाला मिठी मारून ती प्रसूत झाली. झाड जिथे दाखवतात तिथे एक तळे होते. हिवतापामुळे १९२०च्या दशकात ते बुजवले. आता तिथे एकच झाड उभे आहे.

मग ती हसून म्हणाली, ऐका गंमत. बेट इतके पवित्र ठरले की इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सच्या लोकांनी इथली सगळी थडगी उकरून हाडे समोरच्या ऱ्हेनिया बेटावर नेली, आणि नियम केला की यापुढे डेलॉसवर कोणी जन्मायचे नाही आणि कोणी मरायचे नाही. दिवस भरलेल्या बायका आणि शेवटच्या घटका मोजणारी माणसे पलीकडे पाठवायची.

सगळे हसले. मी धाकटीला मराठीत सांगितले. ती हसली नाही.

"कळा सुरू झाल्यावर होडीत बसवायचे?" तिने विचारले.

"तसेच असणार," मी म्हटले.

"ताई, पहिलटकरीण असली तर निदान वेळ मिळतो. तिसरे-चौथे मूल असले तर होडीतच व्हायचे गं. आणि वारा हा असा." मग थोडे थांबून, "देवाच्या आईला जागा दिली, आणि बाकीच्या बायांना नाही!"

आमची आजी गावात सुईण होती. वरच्या आळीतली कितीतरी मुले तिच्या हातावर जन्मली. नाळ तिने कापायची, घाणेरडे धुणे तिने धुवायचे. पण बाळाला न्हाऊ घालून झाले की तिने मागच्या दारानेच निघायचे, आणि ती बसलेली जागा शेणाने सारवून घ्यायची. जिच्या हाताने मूल जगात आले तिचाच विटाळ. धाकटी नर्स झाली तेव्हा आजी हयात होती. पांढऱ्या पोशाखातल्या नातीला घेऊन ती मुद्दाम गावाच्या मुख्य रस्त्याने चालत गेली होती. डेलॉसच्या दगडांत आम्हा दोघींनाही तीच आठवली. पण त्या वेळी आम्ही एकमेकींना काही बोललो नाही.

गाईड पुढे निघाली. संगमरवरी सिंह दाखवले. खरे सिंह आता संग्रहालयात हलवले आहेत, बाहेर त्यांच्या प्रतिकृती आहेत. श्रीमंत व्यापाऱ्यांची घरे दाखवली, त्यांच्या जमिनीवर रंगीत खड्यांचे डॉल्फिन आणि वाघावर स्वार झालेली देवता. काम खरोखर अप्रतिम आहे. मी विचारले, एवढा पैसा आला कुठून? रोमने इ.स.पू. १६७च्या सुमारास हे बंदर करमुक्त केले, ती म्हणाली. मी पुन्हा विचारले, व्यापार कशाचा? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, माणसांचा.

मग तिने नीट सांगितले, हे तिचे श्रेय. स्ट्रॅबो या प्राचीन भूगोलकाराने लिहून ठेवले आहे की डेलॉसचे बंदर एका दिवसात दहा हजार गुलाम उतरवून घेऊन विकून पाठवू शकत असे. चाचे आशिया मायनर व सीरियाकडची माणसे पकडून आणत आणि रोमचे व्यापारी ती विकत घेत. तिने एक मोठे चौकोनी अंगण दाखवले. त्याला इटालियनांचा चौक म्हणतात. तोच गुलामांचा बाजार असावा असे काही विद्वान मानतात, काहींना ते पटत नाही. इथल्या गुलामांनी इ.स.पू. दुसऱ्या शतकात बंडही केले होते आणि ते मोडून काढले गेले. हेही तिला माहीत होते, पण विचारल्याशिवाय तिने सांगितले नसते. दीड तासात लोकांना सिंह पाहायचे असतात.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. वर्गात हे मी कितीदा सांगितले असेन. पण बाजाराची जागा पायाखाली असणे निराळे. जन्म आणि मरण यांनी विटाळणारे हे बेट दहा हजार माणसे विकून विटाळत नव्हते.

तर गाईड की एकटे, या प्रश्नाचे माझे उत्तर बंदरागणिक बदलते. जिथे चढ आहे, बोट बदलायची आहे, वेळेची खात्री नाही, तिथे ज्यांचे वय झाले आहे त्यांनी मुकाट्याने पैसे भरावेत. जिथे शहर धक्क्यापाशीच आहे तिथे एक रुपया देऊ नये. आणि डेलॉससारख्या जागी गाईड घ्यावा, त्याला प्रश्न विचारावेत, विचारून भंडावून सोडावे, पण त्याच्याबरोबर परत येऊ नये. आम्ही तसेच केले. गटाला निरोप दिला आणि पुढच्या बोटीपर्यंत त्या चौकाच्या कडेला एका पडक्या भिंतीच्या हातभर सावलीत बसलो. चिवडा खाल्ला. मागे किंथोस टेकडीवर माणसे मुंग्यांसारखी चढत होती. आम्ही चढलो नाही, गुडघ्यांनी परवानगी दिली नाही.

डेलॉसचा धक्का पश्चिमेला आहे आणि समोरच ऱ्हेनिया दिसते. मधली खाडी अगदी अरुंद. बोटीवर चढताना धाकटीने तिथल्या खलाशाला खुणेने विचारले, वल्ह्याची होडी तिकडे जायला किती वेळ घेईल? त्याने समुद्राकडे पाहिले, वाऱ्याकडे पाहिले आणि हात हलवून दाखवले, सांगता येत नाही. जहाज सुटायला अजून साडेतीन तास होते. बाकीची माणसे सावलीच्या बाजूला जाऊन बसली. ती ऱ्हेनियाच्या बाजूला, उन्हात बसली. मी तिच्याशेजारी बसले.