सर्व्हरला किती दिवसांचं आठवतं?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री आमचं छोटं न्यूज पोर्टल अचानक बंद पडलं. मला वाटलं हॅक झालं. पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याला फोन लावला. त्यानं दहा मिनिटांत निदान केलं, "मामा, डिस्क फुल झालीये. लॉग फाइलनं सगळी जागा खाल्ली."

लॉग म्हणजे सर्व्हरची स्टेशन डायरी. किती वाजता कोण आलं, कोणतं पान मागितलं, कुठं अडलं, सगळं ओळीनं लिहिलेलं. आमचा प्रोग्राम आठ महिने न थांबता चालू होता आणि आठ महिने एकाच फाइलमध्ये लिहीत होता.

मी म्हटलं, डिलीट करून टाक ना. तो हसला. "नुसतं डिलीट करून भागत नाही. प्रोग्रामनं ती फाइल उघडून धरलीये. नाव पुसलं तरी जागा सुटत नाही. त्याला सांगावं लागतं, ही वही मिट आणि नवी उघड."

मग त्यानं लॉगरोटेट लावलं. लिनक्स सर्व्हरवर हे काम करणारा हा नेहमीचा प्रोग्राम. जुनी फाइल बाजूला काढायची, नवी उघडायची, जुनी दाबून लहान करायची आणि ठरावीक संख्येनंतर सगळ्यात जुनी कायमची पुसायची. त्यानं विचारलं, "मामा, किती दिवसांचे ठेवू?" मी म्हटलं, "ठेव नेहमीचे असतील तेवढे."

तेव्हा हा प्रश्न मला फालतू वाटला होता. नंतर कळलं, खरा प्रश्न तोच होता.

काही महिन्यांनी कन्नड तालुक्यातले एक गृहस्थ भेटायला आले. मुलीचा ऑनलाइन अर्ज शेवटच्या दिवशी भरला, खात्यातून पैसे कापले गेले, पण अर्ज काही पोहोचला नाही. कार्यालय म्हणे, सर्व्हर चालूच होता, तुमचीच चूक. त्यांनी माहिती अधिकारात त्या दिवसाचा लॉग मागितला. उत्तर आलं, "सदर माहिती उपलब्ध नाही."

मी भाच्याला विचारलं, असं होऊ शकतं का? तो म्हणाला, अगदी सहज. लॉगरोटेट जसं मिळतं तसंच ठेवलं तर साधारण हिशोब असतो दर आठवड्याला एक फाइल आणि जुन्या चार. म्हणजे नोंद जेमतेम महिनाभर जगते. उबुंटूवर एनजिनएक्स किंवा अपाची बसवलं की आकडा येतो 14 दिवसांचा. आमच्या पोर्टलचाही तोच निघाला.

आता माहिती अधिकाराचं गणित मांडा. पहिलं उत्तर द्यायला 30 दिवस. पहिलं अपील करायला 30 दिवस. त्याच्या निकालाला जास्तीत जास्त 45. माहिती आयोगाकडे दुसरं अपील करायला 90. बेरीज 195 दिवस. पुढची तारीख कधी लागेल ते वेगळंच. आणि पुरावा चौदाव्या दिवशीच पुसला गेलेला! कुणी मुद्दाम पुसला असंही नाही. कुणी आकडा बदलला नाही, एवढंच.

नियम नाही असंही नाही. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेनं 28 एप्रिल 2022 रोजी निर्देश काढले. सगळ्या संगणक प्रणालींचे लॉग मागच्या 180 दिवसांचे जपायचे. यात खासगी कंपन्या आल्या आणि सरकारी संस्थाही आल्या.

आपण मराठवाड्यातल्या लोकांनी तर हे जास्त समजून घ्यायला हवं. 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी इथली निजामकालीन दप्तरं उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणारे शोधून आणावे लागले. आरक्षणाबद्दल कुणाचं मत काहीही असो, कागद टिकला होता म्हणून शोध घेता आला. सरकारी कागद नष्ट करायचा तर त्याची वर्गवारी असते, यादी होते, साहेबाची सही लागते. लॉग मात्र रात्री आपोआप जातो. ना यादी, ना सही.

सगळं कायमचं ठेवा असं मी म्हणत नाही. लॉगमध्ये लोकांचे आयपी पत्तेही असतात, ते वर्षानुवर्षं साठवणंही बरं नाही. पण लॉगचं आयुष्य नागरिकाच्या तक्रारीच्या आयुष्यापेक्षा मोठं हवं. आणि तक्रार आली की त्या दिवसाचा लॉग बाजूला काढून ठेवला पाहिजे. जागेचं कारणही फारसं टिकत नाही, मजकुराची फाइल दाबली की बरीच लहान होते.

म्हणून एक विनंती. ऑनलाइन अर्ज अडकला तर वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या, व्यवहार क्रमांक लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात कार्यालयाला लेखी द्या : "अमुक तारखेचा, अमुक वेळेचा सर्व्हर लॉग तक्रारीचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवावा." सोबत 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांचा उल्लेख करा. पोहोच घ्यायला विसरू नका. माहिती अधिकार नंतर टाका, आधी हे पत्र.

आमच्या पोर्टलचा आकडा आता 200 दिवस केलाय. ते कन्नडचे गृहस्थ अजून अपिलात आहेत. आपल्या शहरातल्या कार्यालयांचे आकडे किती, ते विचारणारे अर्ज मी या आठवड्यात टाकतोय. उत्तरं आली की इथंच टाकीन. तुमचाही अर्ज असा "सर्व्हर डाऊन"मध्ये गेला असेल तर तारखेसकट कॉमेंटमध्ये लिहा.