घट आणि तूट

साठ्याचा हिशेब हा काही ललित लेखनाचा विषय नव्हे, असे कुणाला वाटल्यास मी वाद घालणार नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत माझेही तेच मत होते. कारखान्यातले लोखंड मोजणे हे कारकुनी काम; त्यात माणसाचे काही पणाला लागत नाही, अशी माझी समजूत होती. ती कशी मोडली, ते सांगण्यासाठी हा लेख.

कोल्हापूर शहराच्या पूर्वेला, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून उचगाव आहे. उत्तरेला पंचगंगा ओलांडली की शिरोलीची औद्योगिक वसाहत, दक्षिणेला गोकुळ शिरगावची, आणि शेजारीच गांधीनगरची घाऊक बाजारपेठ. या मोठ्या नावांच्या मधल्या जागेत अनेक छोट्या शेड उभ्या आहेत. फौंड्रीत ओतलेले कास्टिंग एका शेडमध्ये लेथवर चढते, दुसरीत त्याला भोके पडतात, तिसरीकडून ते घासूनपुसून बाहेर पडते. कोल्हापूरच्या या धंद्यात माल सतत दुसऱ्याच्या दारात असतो. त्यामुळे 'आपले काय आणि किती, ते सध्या कुठे आहे' हा प्रश्न इथे दिसतो तितका साधा नाही.

आमची शेड त्यांतलीच एक. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभी केलेली. चार लेथ, दोन ड्रिलिंग मशिन, एक पॉवर हॅक्सॉ आणि मागच्या भिंतीला लागून लोखंडी बारचे रॅक. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांना लागणाऱ्या पिना हे मुख्य काम. त्या रॅकचे आणि शेजारच्या अंधाऱ्या स्टोअरचे सर्वाधिकारी होते आण्णा. ते हुपरीहून रोज एसटीने येत. घराणे चांदीकामाचे, पैंजणांच्या त्या गावात जन्मून हा एकटा माणूस लोखंडाकडे वळला होता. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची एक वही होती, पण तिच्यात फक्त आलेला माल लिहिलेला असे. गेलेला माल त्यांच्या डोक्यात. "पन्नासचा ईएन-८ किती शिल्लक?" असे आबांनी लेथवरूनच ओरडून विचारावे आणि आण्णांनी मान वर न करता सांगावे, "एकतीस बार, नि एक अर्धा." मी लहान असताना स्टोअरच्या दारात बसून हा संवाद कित्येकदा ऐकला आहे. मला ते 'बाळ' म्हणत.

२०१७ च्या सुरुवातीला आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मी पुण्यातली नोकरी सोडून परत आलो. त्याच वर्षी १ जुलैपासून वस्तू व सेवा कर लागू होणार होता. ३० जूनच्या शिल्लक मालावर आधी भरलेल्या कराची वजावट मिळवायची, तर त्या शिल्लकेचा नेमका तपशील हवा, असे आमच्या करसल्लागारांनी सांगितले. तेव्हा आम्ही प्रथमच सगळे स्टोअर बाहेर काढून मोजले. दोन दिवस लागले. पंधरा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका कामाचे बुश निघाले, एकाच मापाची ड्रिल तीन डब्यांत निघाली, आणि नसल्याचे समजून नुकतेच नव्याने मागवलेले बेअरिंग एका खोक्यात बसलेले सापडले. सॉफ्टवेअर घेण्याचा निर्णय मी त्या संध्याकाळी घेतला.

व्यवस्था सोपी होती. आलेला माल वजनासकट नोंदवायचा. एका पिनेला किती लोखंड लागते ते एकदाच सांगून ठेवायचे. रोज किती पिना झाल्या ते भरायचे. शिल्लक किती हे संगणक आपोआप सांगणार. आमची पीन ५० मिलिमीटर व्यासाची, १२० मिलिमीटर लांबीची. ६ मीटरच्या बारमधून ५० पिना, हा भागाकार मी मनातच केला आणि भरला. गोल बारचे वजन काढायचे सूत्र कोल्हापुरातल्या कुठल्याही कामगाराला पाठ असते: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरमागे किलो. पन्नासच्या बारचे ते १५.४३ येते. अशा रीतीने माझे कोष्टक तयार झाले.

पहिल्या पूर्ण महिन्याच्या अखेरीस अहवाल आला. ५० बार वापरले गेले होते, पिना व्हायला हव्या होत्या २,५००, आणि झाल्या होत्या २,४००. शंभर पिनांचे लोखंड, १८५ किलो, पडद्यावर लाल अक्षरांत 'तूट' म्हणून दिसत होते. त्याचे तेव्हाचे मोल नऊ हजारांच्या घरात. दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्यातही तेच. चोरी इतकी नियमित नसते, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवे होते. आले नाही. मी एवढेच पाहिले की स्टोअरची किल्ली एकाच माणसाकडे आहे आणि त्या माणसाच्या वहीत गेलेल्या मालाची नोंद नाही.

मी आण्णांना लेथवरच्या पोरांसमोर विचारले, "आण्णा, महिन्याला पावणेदोनशे किलो लोखंड जातं कुठं? हिशेब द्या मला." 'चोरी' हा शब्द मी उच्चारला नाही, म्हणून मी सभ्य आहे असेही मला तेव्हा वाटत होते. आण्णा काही बोलले नाहीत. किल्ली टेबलावर ठेवून ते शेवटच्या एसटीची वाट न बघता चालत फाट्याकडे गेले. रात्री मी आबांना हे सांगितले. त्यांनी डावा हात उचलून काही तरी खूण केली. तळहात पुढे-मागे हलवत राहिले. मला वाटले, ते रागावले आहेत. ते करवत चालवून दाखवत होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी आण्णा वेळेवर आले. "साहेब, जरा मशीनवर या," म्हणाले. 'साहेब' हा शब्द त्यांनी माझ्यासाठी प्रथमच वापरला. हॅक्सॉच्या खाली त्यांनी एक स्वच्छ पत्र्याचा ट्रे ठेवला होता. "ह्यो अख्खा बार तुमच्या डोळ्यांदेखत कापतो. मोजा तुम्ही." सहा मीटरचा बार सकाळी चढला. मध्ये जेवणाची सुट्टी झाली. एकेक तुकडा पडत होता आणि मी मोजत होतो. अठ्ठेचाळीस झाले आणि हातात एक ९६ मिलिमीटरचा ठोकळा उरला. त्यातून पीन होणे नव्हते. ट्रेमध्ये साचलेला चुरा आण्णांनी तोलकाट्यावर ठेवला: दोन किलो आणि वर दोनशे ग्रॅमच्या आसपास. ठोकळा दीड किलोला थोडा कमी.

करवतीचे पाते प्रत्येक कापाला ३ मिलिमीटर लोखंड खाते. अठ्ठेचाळीस कापांचे १४४ मिलिमीटर, आणि टोकाचे ९६, एकूण २४०. सहा हजारांतले दोनशे चाळीस म्हणजे बरोबर चार टक्के, म्हणजेच दर बारमागे दोन पिना. माझा महिन्याचा चोर हा होता. चुरा लेथच्या टर्निंगमध्ये मिसळून भंगारात जात होता आणि ठोकळे आण्णा एका ड्रममध्ये साठवत होते. माझ्या कोष्टकात या दोन्ही गोष्टींना रकानाच नव्हता.

"चांदीच्या कामात कानस मारताना खाली कापड पसरत्यात," आण्णा चुऱ्याकडे बघत म्हणाले. "पडलं ती पण चांदीच की. आमचा बाप म्हणायचा, घट आधी लिवून ठेवावी. न्हाईतर तिचीच तूट हुती, नि मग माणसं एकमेकाच्या तोंडाकडं बघाय लागत्यात."

सोनारांच्या दुकानातला केर विकत घेऊन त्यातून सोने काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. म्हणजे आपल्या धातुकामाला घट ठाऊक होती आणि तिचा बाजारभावही ठाऊक होता. घट ही कामाच्या स्वभावातून येते, तूट ही कुणाच्या तरी हातून. हिशेबातले अंतर यांपैकी कोणते, हे संगणक सांगू शकत नाही. आण्णा सांगू शकत होते, आणि मी त्यांना सोडून संगणकाला विचारले होते.

एवढ्यावरून कुणी असा निष्कर्ष काढेल की यंत्रापेक्षा जुना माणूस बरा. मला तसे म्हणायचे नाही. कारण आबांना झटका आला तसा तो आण्णांना आला असता, तर आमचे अर्धे स्टोअर त्यांच्याबरोबर गेले असते. स्मरणावर चाललेला कारखाना त्या एका माणसाच्या प्रकृतीवर चाललेला असतो. ते ओझे आपण त्याच्यावर टाकतो आणि वर त्याला 'विश्वासू' म्हणतो. त्याने किती काय सांभाळले याचा पुरावा मात्र कुठेच राहत नाही. संशय आला की त्याच्या बाजूने बोलायला एक कागदही नसतो. आण्णांच्या बाजूने बोलायला शेवटी एक तोलकाटा आणि एक ट्रे होता, तोही त्यांनी स्वतः मांडलेला.

आम्ही दोघांनी बसून कोष्टक नव्याने भरले. पीन १२० नव्हे, पातेही धरून १२३ मिलिमीटर. चुरा हे स्वतंत्र खाते. टोकाचे ठोकळे हा स्वतंत्र माल, लांबीसकट. त्यानंतर सॉफ्टवेअर खरोखर कामाला लागले. ड्रममधल्या ९६ च्या ठोकळ्यातून ४५ मिलिमीटरच्या दोन कॉलर निघतात, हे आण्णांना माहीत होतेच. आता ते नोंदीत आले आणि त्या कॉलरसाठी नवा बार कापणे थांबले. ठरावीक पातळीखाली साठा गेला की आठवण येऊ लागली. पोलाद कारखान्याच्या तपासणी दाखल्यावरचा हीट नंबर प्रत्येक बाराबरोबर पिनेपर्यंत नोंदला जाऊ लागला. पुढे एका गिऱ्हाइकाकडे काही पिना वाकल्या, तेव्हा सगळा माल परत न मागवता एका हीटच्या तेवढ्या पिना वेगळ्या काढता आल्या. कडक करण्यासाठी बाहेर पाठवलेल्या पिना कोणत्या चलनाने गेल्या आणि किती परतल्या, हे दिसू लागले. कायद्याप्रमाणे जॉबवर्कला दिलेला असा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर तो पाठवल्या दिवशीच विकला असे धरतात. त्यामुळे ही नोंद केवळ सोयीची नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद होता. पुण्याकडून येणारे लोखंड अडकले. गिऱ्हाइकांचे फोन येत होते. मी पडद्याकडे पाहिले: तीस बार. त्यांना सांगितले, "१,४४० पिना देतो, त्यापुढचं पाणी उतरल्यावर." जुन्या हिशेबाने मी १,५०० सांगितल्या असत्या आणि साठ पिनांपुरता खोटा ठरलो असतो.

किती माल एका वेळी मागवावा, यावर फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९१३ मध्येच एक सूत्र मांडले: थोडा थोडा मागवला तर दर खेपेचा खर्च वाढतो, एकदम मागवला तर पैसा रॅकवर गंजत पडतो, या दोहोंचा मेळ जिथे बसतो तो आकडा योग्य. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ते सूत्र आयते असते. पण माझ्या मनात याहून घर करून राहिला आहे तो आपल्याच मातीतला, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला एक ग्रंथ: कोल्हापूरच्या गादीची सेवा केलेल्या रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. गडावरच्या दारूखान्याविषयी सांगताना त्यात हवालदाराला बजावले आहे की त्याने आठ-पंधरा दिवसांनी स्वतः तिथे जावे, दारू व बाण बाहेर काढून उन्हात घालावेत आणि पुन्हा बंदोबस्ताने ठेवावेत. दारू किती आहे हे वहीत असणारच; पण ती दमट झाली आहे का, हे वही सांगत नाही. म्हणून जबाबदार माणसाने उठून कोठारापर्यंत जायचे. मी तीन महिने लाल आकडा पाहत खुर्चीत बसलो होतो आणि हॅक्सॉ माझ्यापासून चाळीस पावलांवर होती.

मी आण्णांची माफी मागितली, तीही त्याच पोरांसमोर. त्यांनी "असू दे की" म्हणून किल्ली घेतली आणि पुढची तीन वर्षे काम केले. नव्या पोराला संगणकात नोंदी करायला त्यांनीच लावले. चूक झाली की स्वतः रॅकपाशी नेऊन दाखवत. मात्र मला ते निवृत्तीच्या दिवसापर्यंत 'साहेब'च म्हणत राहिले. ही घट होती की तूट, ते मला कळते.

आता आमच्याकडे दर शनिवारी एक रॅक हाताने मोजला जातो आणि मोजायला मी असतो. आकडा जुळला नाही तर आधी मशीन पाहायचे, मग माप, मग कोष्टक, आणि माणूस सगळ्यांत शेवटी, असा क्रम कागदावर लिहून स्टोअरच्या दारावर चिकटवला आहे. तो कागद नव्या पोरापेक्षा मलाच जास्त वेळा वाचावा लागतो.