वीरा साथीदार ‘नट’ होते का?

एका कार्यकर्त्या मित्राशी मध्यंतरी चांगलाच वाद झाला. त्याचं म्हणणं, ‘कोर्ट’मध्ये वीरा साथीदारांनी अभिनय केलाच नाही, जसे होते तसे कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. हे कौतुक म्हणून बोललं जातं, पण त्यात खोच आहे. नसीरुद्दीन शाहने केलं तर ती कला, आपल्या माणसाने केलं की ‘नैसर्गिक’!

वर्धा जिल्ह्यातला जन्म, नागपूरच्या जोगीनगरात घर, गिरणीत काम, ‘विद्रोही’चं संपादन. भाषणं, गाणी, मोर्चे यांत आयुष्य गेलेल्या या माणसाला चैतन्य ताम्हाणेंनी लोकशाहीर नारायण कांबळे करायला दिला. त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, हा त्याच्यावरचा आरोप. २०१४ ला व्हेनिसमध्ये सिनेमा गाजला, पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ऑस्करसाठी भारतातर्फे गेला. ते सगळं ठीक. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. स्टेजवर गर्जणारा हा शाहीर आरोपी म्हणून उभा राहिला की विचारलं तेवढंच बोलतो. ज्याची हयात माईकवर गेली, त्याने इतकं गप्प राहायचं, हा अभिनय नाही तर काय?

१३ एप्रिल २०२१ ला कोरोनाने ते गेले. भीमजयंतीच्या आदल्या दिवशी. म्हणून यंदा त्याच रात्री बीडमधल्या आमच्या वस्तीत, विहाराच्या भिंतीवर ‘कोर्ट’ लावला. पोरं कंटाळली, निम्मी डीजेकडे पळाली. (एमएला असताना मी याच सिनेमावर न्यायव्यवस्थेबद्दल मोठा निबंध लिहिला होता. मार्कही चांगले पडले.)

मग मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष आली. नवरा आधी गटारात खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजून उतरायचा. मागे बसलेली एक बाई मोठ्याने म्हणाली, “आमच्यात कंदील सोडून बघतेत.”

निबंधात या साक्षीवर मी एक ओळही लिहिली नव्हती.

सिनेमा संपल्यावर ती थांबली. तिचा दीर सेप्टिक टँकमध्ये गेला होता. कागदावर ‘अपघात’, ठेकेदाराने किरकोळ पैसे देऊन मिटवलेलं. मी सांगितलं, २०१३ चा कायदा आहे. सुप्रीम कोर्टाने २०१४ ला अशा मृत्यूंसाठी, १९९३ पासूनच्या, घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितलेत, २०२३ ला ते तीस लाख केलेत. ती म्हणाली, “दादा, हे आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई.” दहा वर्षं मी याच वस्तीत काम करतोय.

१४ ला सकाळी मिरवणुकीची गडबड चालू असताना ती जावेला घेऊन विहारात आली. प्लास्टिकच्या पिशवीत पोस्टमॉर्टेमचा कागद होता, पाण्याने अर्धा पुसलेला. मी निळा फेटा काढून ठेवला आणि वाचायला बसलो.