जुना ट्रॅक्टर आणि रास्त किंमत

यवतमाळ जिल्ह्यात कापूस पिकविण्याइतकेच तो बाजारापर्यंत पोहोचविणेही कष्टाचे आहे. दसरा उलटला की वेचणीला जोर येतो आणि गावातील प्रत्येक घराला एकाच वेळी वाहन हवे असते. भाड्याच्या ट्रॅक्टरची पाळी लागेपर्यंत कापूस घरातच पडून राहतो. माणसांनी निजायचे कोठे हा प्रश्न पडतो, उंदीर लागतात, चुलीतल्या ठिणगीचे भय वेगळेच. त्यात ओल धरली तर नुकसान ठरलेले. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भावात कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की कापूस घेतलाच जात नाही.

म्हणून घाटंजी तालुक्यातील आम्ही पाच कुटुंबांनी मिळून एक जुना ट्रॅक्टर आणि ट्रॉली घेण्याचे ठरविले. आमचा धर्मग्राम १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो. घरे थोडी, तीही विखुरलेली, त्यामुळे रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारातील कडुनिंबाखाली बसूनच आमचे सारे विचारविनिमय होतात. नवा ट्रॅक्टर घ्यावा असे तरुणांचे म्हणणे होते. परंतु त्यासाठी कुणाचे तरी वावर गहाण पडणार होते. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन शेतकऱ्यांच्या घरी बसले, ते ज्या दुःखासाठी, त्याची सुरुवात अनेक घरांत अशाच एखाद्या सहीने झाली होती. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दृष्टांत लूकच्या शुभवर्तमानात आहे. आम्हीही हिशेब केला आणि जवळ होते तेवढ्याच पैशांत बसेल ते घ्यायचे ठरविले.

जुने म्हणजे टाकाऊ, असे या जिल्ह्याने तरी म्हणू नये. कापसासाठी घातलेल्या यवतमाळ-मूर्तिजापूर या अरुंद रुळांवरची आमची 'शकुंतला' आता बंद आहे. पण मँचेस्टरला १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत धावले. यंत्राचे वय किती, यापेक्षा त्याची निगा कुणी आणि कशी राखली, हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

ते पाहण्यासाठी आम्ही एका वयोवृद्ध मिस्त्रींना सोबत घेतले. त्यांची पद्धत साधी होती. गेल्याबरोबर ते इंजिनावर हात ठेवीत. इंजिन आधीच तापलेले असले तर थंडपणी सुरू होण्यातली अडचण लपविली असावी, असा त्यांचा संशय. मग धुराचा रंग. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. ब्रीदरच्या नळीतून भकाभक धूर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या समजावे. त्यानंतर क्लच, गिअर आणि ब्रेक. शेतात वळताना डावा-उजवा ब्रेक वेगळा लागतो, पण रस्त्यावर दोन्ही पेडल खिट्टीने जोडलेलीच हवीत, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून गाडी आडवी होते. ट्रॉली ओढायची तर हूक खालीच असावा. तो वर घेतला की चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके जमीन सोडतात. उतारावर भरलेली ट्रॉली मागून रेटते, तेव्हा गिअर काढून गाडी सोडणे म्हणजे मरणाला बोलावणे. बैल आणि गाढव एका जुवाला जुंपू नये, असे अनुवादाच्या पुस्तकात सांगितले आहे. ट्रॅक्टरच्या ताकदीबाहेरची ट्रॉली जोडू नये, हा मिस्त्रींचा नियम त्याच जातीचा.

तीन ठिकाणी नकार देऊन चौथ्या गावी ३५ अश्वशक्तीचा एक ट्रॅक्टर पसंत पडला. मिस्त्रींनी त्याची किंमतही सांगितली. आर. सी. बुकावर मात्र बँकेच्या बोज्याची नोंद होती. मालक आमच्यासारखाच कोरडवाहू शेतकरी. दोन हंगाम हप्ते थकलेले, आणि महिनाअखेर रक्कम भरली नाही तर ट्रॅक्टर ओढून नेतील, ही धास्ती. मध्यस्थाने आम्हांला बाजूला घेऊन सांगितले, "आठ दिवस थांबा, चाळीस हजार आणखी कमी होतील."

त्या संध्याकाळी आमच्यात मोठा वाद झाला. चाळीस हजार ही पाच घरांना लहान रक्कम नव्हती. तेवढ्यात ट्रॉलीचे चारही टायर नवे झाले असते. एकाचे म्हणणे, आपण कुणाला फसवीत नाही, तो राजीखुशीने देईल. तेव्हा आमच्यातील सर्वांत थोरल्या काकींनी एवढेच विचारले, "कापसाची भरलेली गाडी परत नेता येत नाही, हे ओळखून व्यापारी भाव पाडतो, तेव्हा तुम्ही राजीखुशीनेच देता ना?"

यावर कुणापाशी उत्तर नव्हते. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात मजुरीविषयी हेच म्हटले होते: गरजेपोटी मान्य केलेली अट केवळ मान्य झाली म्हणून न्याय्य ठरत नाही. सहावे पॉल यांनी १९६७ साली तेच तत्त्व व्यापाराच्या करारांना लावले. लेवीय पुस्तकातही खरेदी-विक्रीत एकमेकांवर अन्याय न करण्याची आज्ञा आहे. ही वचने आम्ही अनेकदा ऐकली होती, परंतु नेहमी विकणाऱ्याच्या जागी उभे राहून. घेणाऱ्याच्या जागी उभे राहून ती ऐकण्याची ही पहिली वेळ.

मिस्त्रींनी सांगितलेलीच किंमत द्यायची, असे ठरले. पण सावधपणा सोडला नाही. थकलेली रक्कम मालकाला सोबत घेऊन थेट बँकेत भरली, नमुना ३५ वर बँकेची सही आणि ना-हरकत पत्र घेतले, आणि मगच उरलेले पैसे त्याच्या हाती दिले. नमुना २९ आणि ३० भरून परिवहन कार्यालयात नाव बदलून घेतले. ट्रॉलीची नोंदणी कायद्याने स्वतंत्र असते, म्हणून तिचेही कागद वेगळे तपासले. ट्रॉलीला जुनेच टायर राहिले. तिच्या मागे लाल रेडियम मात्र पहिल्याच दिवशी लावले, कारण अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळून गेलेली माणसे आमच्या आठवणीत आहेत.

१५ मे रोजी, शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिडोर यांच्या सणाला, फादरांनी ट्रॅक्टरवर पवित्र पाणी शिंपडले. हे संत स्वतः माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतावर राबणारे गडी होते, हे त्यांनी प्रवचनात आवर्जून सांगितले.

आता एका वहीत पाळ्यांची यादी आहे. डिझेल ज्याचे त्याने घालायचे आणि दुरुस्तीसाठी प्रत्येक खेपेला ठरावीक रक्कम पेटीत टाकायची. यादीत पाच घरांची नावे होती. वेचणीच्या तोंडावर ट्रॅक्टरचा जुना मालक चर्चच्या आवारात आला आणि आपला कापूस नेण्यासाठी भाडे किती पडेल, असे संकोचाने विचारू लागला. काकींनी वही मागवून घेतली आणि त्याचे नाव सहावे लिहिले, त्याच दराने.